पट्टा पडला, पण शाफ्ट फिरत राहिला

लोक सुट्टीत किल्ले करतात, मी वीजघरं बघते. घरच्यांनी यावर बोलणं केव्हाच सोडलंय. यंदाच्या मार्चमध्ये निमित्त आयतं चालून आलं. बिद्रीच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा, सुनीताताईचा फोन आला, "प्राजक्ताची सुपारी फोडायची हाय. ये की!" प्राजक्ता तिची थोरली. ताईचे यजमान, आमचे दाजी, तिकडच्याच एका साखर कारखान्यात वीज तयार करणाऱ्या टर्बाइनवर शिफ्ट इनचार्ज आहेत. कारखान्याचं नाव लिहायचं नाही ही त्यांची अट. एका खेपेत दोन कामं होत होती, निघाले.

कोल्हापूरला सकाळी उतरले, स्टँडजवळ मिसळ खाल्ली (शंभराच्या आत, पण जादा रस्सा जपून मागा) आणि राधानगरीची एसटी धरली. रस्ता बरा आहे. दुचाकीने जाणार असाल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरला मुकाट्याने वाट द्या. धरणाच्या पायथ्याचं वीजघर मी बाहेरूनच पाहिलं. आत जायचं तर आधी परवानगी काढावी लागते, ती मी काढली नव्हती. पाणी उंचावरून येतं, चाकाच्या पात्यांवर आदळतं, चाक फिरतं. त्याच शाफ्टवरचं, म्हणजे मधल्या आसावरचं, चुंबक तांब्याच्या वेटोळ्यांमध्ये फिरतं आणि तारेत वीज येते. कुठलंही वीजघर घ्या, गोष्ट हीच असते. फक्त चाकाला ढकलणारा बदलतो.

राधानगरीहून वडाप मिळालं. वडाप म्हणजे माणसं कोंबून भरलेली जीप. मुधाळ तिट्ट्यापर्यंत माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी होती, आणि दोघींचीही तक्रार नव्हती.

ताईच्या घरी मात्र चेहरे उतरलेले. सुपारीचा दिवस यांनी कारखान्याने जाहीर केलेल्या पट्ट्याच्या तारखेवरून धरला होता. पट्टा पडला म्हणजे हंगाम संपला. कारखान्याच्या सावलीत जन्म गेलेल्या माणसांनी ही चूक करू नये, पण दरवर्षी कुणीतरी करतंच. रानात ऊस उभा राहिला, तारीख सरकली, आणि पट्टा पडला तो नेमका त्याच दिवशी पहाटे. वाफ बंद केल्यावर टर्बाइनचा तापलेला शाफ्ट लगेच थांबवून चालत नाही. वरची बाजू गरम आणि खालची थंड होऊन तो वाकतो. म्हणून एक छोटी मोटर त्याला हळूहळू फिरवत ठेवते. ती मोटर जळाली होती. पट्टा पडताच निम्मी माणसं गावाला गेलेली. दाजी आणि एक फिटर सकाळपासून लांब दांडा लावून, थोड्या थोड्या वेळाने शाफ्ट अर्धा फेरा हातानेच फिरवत होते.

दुपारी इचलकरंजीहून पाहुणे आले. मुलाचे वडील यंत्रमाग चालवणारे, उंच आणि अबोल. बोलण्याचं काम मुलाच्या काकांकडे.

"पोरीचा बा कुठं हाय?"

"कारखान्यात अडकल्यात," ताई म्हणाली.

"आजच्या दिवशी? बा न्हाय तर सुपारी न्हाय. चला, उठा."

पोह्यांच्या ताटल्या तशाच राहिल्या. प्राजक्ताला हा मुलगा मनापासून आवडला होता, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मी तटस्थपणे बघायचं ठरवलं होतं, पण तिचं तोंड बघून मलाच कसंतरी झालं. तेवढ्यात तीच उठली.

"बाबा येऊ शकत न्हाईत. पण तुम्ही तरी चला की त्यांच्याकडं. हितंच तर हाय."

काका काही बोलणार, तोवर मुलाच्या वडिलांनी चपला घातल्या, आणि आम्ही सगळेच कारखान्याकडे निघालो.

एरवी हंगामात कारखान्याच्या टर्बाइन हॉलमध्ये शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. उसाचा भुसा बॉयलरमध्ये जळतो, पाण्याची वाफ होते, वाफ पात्यांवर सुटते आणि सगळी इमारत घुमते. त्या दिवशी फक्त दांड्याची करकर होती. घामाने निथळलेले दाजी पाहुण्यांना बघून गोरेमोरे झाले. हात जोडायचे तर दांडा सोडावा लागणार.

"माफ करा, पावणं. ह्यो वाकला तर पुढचा हंगाम..."

"सोडू नगासा," मुलाचे वडील म्हणाले. त्यांनी शाफ्टकडे पाहिलं, बाह्या सरसावल्या. "किती फिरवायचा?"

"अर्धा फेरा."

"सरका तिकडं."

त्यांनी फिरवला. मग मुलाने फिरवला. शेवटी काकांनीही फिरवला, अर्थात कुरकुरत. मधल्या वेळात फिटरने हातोडी चिंधीने पुसली आणि दोघा व्याह्यांनी हॉलच्या उंबऱ्यावर सुपारी फोडली. ताई पदराने डोळे टिपत होती. मीही एक अर्धा फेरा मारला. माझ्यासारख्या माणसाला असं भाग्य तिकीट काढून मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी परतले. ओढणीवर वंगणाचा डाग आहे, दोन धुण्यांत गेला नाही. पंखा बंद केल्यावर तो थांबेपर्यंत बघत बसायची एक नवी खोड लागली आहे. वीज कशी तयार होते हे मला आधीही माहीत होतं. ती थांबवायलाही माणसं लागतात, हे तिथे जाऊन कळलं.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. इचलकरंजीहून व्याह्यांनी फोन केला होता. ताईला वाटलं, मानपान निघणार, आता ऐकून घ्यावं लागणार. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "शाफ्ट थंड झाला का? वाकला न्हाय न्हवं?"

"मग काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी काय म्हणू? फोन ह्यांच्याकडं दिला आणि देवापुढं साखर ठेवली. पोरगी चांगल्या घरात पडली बघ."