सुमीची स्वप्नं

परवा साताऱ्यात लेकीकडे होतो. सकाळी चहाच्या वेळी पाच वर्षांची पणती मांडीवर येऊन बसली. "पणजोबा, मला काय स्वप्न पडलं सांगू?" लेक ओट्यापाशी भांडी लावत होती. तिचा हात थांबला...

पंच्याहत्तर साल. सांगलीला विश्रामबागेत आमच्या दोन खोल्या होत्या. मी हायस्कूलमध्ये मराठी शिकवायचो आणि मटका खेळायचो. शून्य ते नऊपैकी कुठला आकडा येणार ते ओळखायचं... एवढंच.

शाळेचा शिपाई माण तालुक्यातला. तोही खेळायचा. एकदा म्हणाला, "गुरुजी, बारक्या पोराचं सपान लय खरं असतंय. इचारून तर बघा." माझी सुमी तेव्हा सहा वर्षांची. विचारलं. तिला दोन शेळ्या दिसल्या होत्या. दोन लावला... आला.

मग ते रोजचंच झालं. स्वप्न विसरायला नको म्हणून उजाडायच्या आत तिला उठवायचो. सांगितलं की लिमलेटची गोळी. काही दिसलं नाही म्हणाली की मी गप्प व्हायचो, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत राहायची.

पुढं ती स्वप्नं रचायला लागली. मी मुलांचे निबंध तपासणारा माणूस, रचलेलं मला कळत होतं. तरी लावायचो.

बायको कवठे महांकाळची, तोंडावर बोलणारी. "आवं, झोपू द्या की पोरीला. तुमचा आकडा काय तिच्या उशाखाली हाय व्हय?" मी हसण्यावारी नेलं. लहान मुलांची स्वप्नं खरी होतात, असं सुमीसमोरच म्हणालो.

एका सकाळी सुमी रडतच उठली. हे रचलेलं नव्हतं. आई मेली होती, माणसं तिला उचलून नेत होती...

मी विचारलं, "किती माणसं होती?"

हुंदके देत तिनं बोटं मोजली. चार.

बायको स्टोव्हपाशी होती. तिनं ऐकलं. मी चपला घातल्या.

चार आला. दुसऱ्या दिवशी जिलेबी घेऊन घरी गेलो आणि सुमीला म्हणालो, "तुझं स्वप्न खरं झालं गं!"

तिनं पुड्याला हात लावला नाही. आत पळाली आणि आईच्या पातळाचा पदर दोन्ही मुठींत धरला. सोडेना. बायको एकच म्हणत होती, "मी हाय गं. हितंच हाय."

त्यानंतर दोन दिवस सुमी आडवी व्हायला तयार नव्हती. बसल्या बसल्या पेंगायची आणि दचकून डोळे उघडायची. तिला स्वप्न पडू द्यायचं नव्हतं.

त्याआधी मी किती वेळा हरलो असेन... तेव्हा काही वाटलं नव्हतं. मला काय झालंय ते कळलं जिंकलो तेव्हा, हातात जिलेबीचा पुडा असताना.

त्या दिवशी मटका सुटला असं खोटं लिहीत नाही. आणखी दीड वर्ष गेलं. पण सुमीला पुन्हा विचारलं नाही. तिनंही पुन्हा कधी स्वप्न सांगितलं नाही.

परवा पणतीचं सगळं ऐकून घेतलं. हत्ती होते, नदी होती, बरंच काही होतं. ती खेळायला पळाली तशी सुमी शेजारी येऊन बसली. "आई जाऊन नऊ वर्षं झाली, बाबा. ते स्वप्न मला अजून पडतं."

मी तिचा हात धरला. काही विचारलं नाही.

पन्नास वर्षांनी लेकीनं आपणहून मला स्वप्न सांगितलं... याहून जास्त आता मला काही मिळायचं नाही.