अकोट्याचा इलेक्ट्रिशियन आणि आमच्या काकू

"आधी सांग, कोणी हात लावला?"

चपला काढायच्या आधीच, दारातून काकूंचा हा प्रश्न यायचा. घरातली सगळी मंडळी एका सुरात सांगायची, "कोणी नाही हो!" मग काकू चष्मा कपाळावर चढवून एकेकाचं तोंड पाहायच्या आणि गुजराती वळणाने म्हणायच्या, "हा ने. आपोआपच बिघडलं असेल." एवढं झाल्यावर चपला काढायच्या.

बडोद्यात, वासण्याच्या आमच्या सोसायटीत त्या तळमजल्यावर एकट्या राहायच्या. टेलिफोन खात्यात तक्रारी तपासायच्या टेबलावर त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त झाल्यावर इतर बायका भजनी मंडळात गेल्या. काकूंनी इंटरनेटच्या वायरी धरल्या. त्यांच्या पर्समध्ये पावडरच्या डबीशेजारी वायरीला प्लग बसवायची पक्कड असायची. वायफायची तक्रार मात्र त्या ऐकून घेत नसत. म्हणायच्या, "जे दिसत नाही त्यावर मी उपचार करत नाही. त्यासाठी तुमच्याकडे देवघर आहे."

अशा बाया तुमच्याही शेजारात असतील. त्यांना वायरीतलं जेवढं कळतं त्याहून जास्त माणसातलं कळतं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांचं नेट असंच गेलं होतं. वायफाय उत्तम, वायर ठार. कोणी हात लावला नव्हताच. काकूंनी खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "पलंग कधी फिरवलात?" गृहस्थांनी कबूल केलं की वास्तुशास्त्राप्रमाणे परवाच डोकं दक्षिणेला घेतलं. पलंगाचा पाय वायरीवर होता. "दक्षिण दिशा यमाची," काकू म्हणाल्या, "तुमच्या आधी तुमचं नेट गेलं." गृहस्थ आठवडाभर बोलले नाहीत.

तर अशा बाईला मी थाप मारली. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे.

त्याचं असं झालं. बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि अंथरुणाला खिळले. घरात आम्ही दोघंच. मी पुण्याच्या एका विमा कंपनीत फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायचो. बडोद्याच्या घरून काम करू द्या म्हणून साहेबांच्या हातापाया पडलो. ते तयार झाले, पण एक अट होती: जोडणी वायरीची हवी, वायफाय चालणार नाही. सोमवारी सकाळी अकराला ते लाइन तपासणार होते. नापास झालो तर पुण्याला हजर व्हायचं, आणि बाबांना परक्या माणसाच्या हवाली करायचं.

मी पडलो कॉम्प्युटरचा पदवीधर. बाजारातून वीस मीटर वायर आणली, अर्धा व्हिडिओ पाहिला आणि दोन्ही टोकांना स्वतः प्लग बसवले. बाहेरच्या खोलीतून मागच्या खोलीपर्यंत भिंतीला धरून वायर नेली. बाबा पलंगावरून सगळं पाहत होते. लॅपटॉपवर 'जोडले' असं यायचं, मिनिटभरात तुटायचं, पुन्हा यायचं. वायफाय मात्र मजेत चाललं होतं. शनिवारी मी सोमवारची अट सांगून काकूंना बोलावलं.

"आधी सांग, कोणी हात लावला?"

पदवी आडवी आली. म्हटलं, "मी नाही. पलीकडच्या अकोट्याचा एक इलेक्ट्रिशियन येऊन लावून गेला."

काकूंनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं, आणि चपला काढल्या. पलंगावर बाबांना अचानक खोकला आला.

पुढचे दोन दिवस काकूंनी माझा घाम काढला. राउटरची सगळी भोकं बदलून पाहायला लावली. शेजारचा लॅपटॉप मागून आणायला लावला. वायर कुठे दबली आहे का ते बघायला लोखंडी कपाट हलवायला लावलं. मग त्यांनी वायरीच्या दोन टोकांना तारा तपासायची दिव्यांची डबी लावली. एक ते आठ, सगळे दिवे क्रमाने लागले. मी मनात म्हटलं, बघा, माझं काम चोख आहे.

"वाह," काकू म्हणाल्या, "दिवे लावलेत म्हणायचे तुझ्या इलेक्ट्रिशियनने." मग त्या नसलेल्या माणसाचा त्यांनी जो उद्धार सुरू केला तो चहा संपेपर्यंत थांबला नाही. त्याला शिकवणारा गाढव कोण असेल? त्याला कुणी मुलगी दिली असेल का? "आईबाप चांगले असतील बिचाऱ्याचे," त्या बाबांकडे वळून म्हणाल्या.

"बाप फार चांगला आहे," बाबा म्हणाले.

रविवारी संध्याकाळी मी म्हटलं, "काकू, हे प्लग कापून नवे बसवा ना."

"नाही. दुसऱ्याने बांधलेला जोड मी त्याच्यामागे कापत नाही. आमच्या खात्यात तशी रीत होती. ज्याने बांधला त्याला समोर उभा करायचा, मगच पक्कड लावायची. बोलाव त्याला."

"तो गावाला गेलाय."

"मग येऊ दे. मला कुठे घाई आहे?" असं म्हणून त्या खाली निघून गेल्या.

सोमवारी सकाळी बाबांचं अंग पुसताना ते म्हणाले, "पुण्याला जावं लागलं तर जा. माझी काळजी करू नकोस." हे म्हणताना त्यांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मी टॉवेल तिथेच टाकला आणि जिना उतरलो. नऊ वाजले होते. काकूंनी दार उघडलं.

"काकू, अकोट्याचा इलेक्ट्रिशियन आलाय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "गावाला बरा होता ने?" एवढंच म्हणाल्या आणि पर्स उचलली.

माझा प्लग त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिला आणि मोठ्याने हसल्या. वायरीच्या आत आठ तारा असतात, एकमेकींना पीळ दिलेल्या चार जोड्या. मी प्रत्येक जोडी शेजारी शेजारी बसवली होती. केशरीजवळ तिची पांढरी-केशरी, हिरवीजवळ तिची पांढरी-हिरवी, सगळं कसं व्यवस्थित. दोन्ही टोकांना तीच चूक केल्यामुळे दिवे बरोबर लागत होते, पण नेट टिकत नव्हतं.

"अरे शहाण्या, नवरा-बायकोला शेजारी बसवलं की संसार होतो असं वाटलं तुला? हिरव्यांना लांब बसायचं असतं, आणि त्यांच्या मध्ये निळ्यांचं बिऱ्हाड. असंच ठरलेलं आहे, कारण विचारू नकोस." बोलता बोलता त्यांनी टोक कापलं, तारा बोटांनी सरळ केल्या आणि नव्या प्लगमध्ये सारल्या. "आमचंही तसंच. मी बडोद्यात, ते परगावी रिफायनरीत. बावीस वर्षं. सुट्टीत यायचे तेव्हा आधी भांडायचे, मग बॅग उघडायचे."

दुसऱ्या टोकाला पक्कड दाबून त्या म्हणाल्या, "पत्युं. झालं काम." साडेनऊ वाजले होते. अकराला मी पास झालो.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला तशी काकूंची मुलगी त्यांना नागपूरला घेऊन गेली. जाताना त्यांनी पक्कड मला दिली नाही. "तुझ्या हातात नको," असं चारचौघांत म्हणाल्या.

बाबा त्यानंतर दीड वर्ष होते. गेले त्या दुपारी मी मागच्या खोलीत कामावर होतो. त्यांनी हाक मारली, मी कानावरचा फोन काढून धावलो. पाणी मागितलं, दोन घोट घेतले, आणि गेले. संध्याकाळी मी काकूंना फोन केला. आजार, औषध, डॉक्टर, त्यांनी काहीच विचारलं नाही.

"जवळ होतास?"

"हो. पाणी मीच पाजलं."

मग म्हणाल्या, "आमचे गेले तेव्हा मी ड्यूटीवर होते. त्यांच्या क्वार्टरवर कोणीच नव्हतं. मला फोनवर कळलं." आणि त्या रडू लागल्या. सगळ्या सोसायटीची खिल्ली उडवणारी ती बाई रडताना मी पहिल्यांदा ऐकत होतो. त्या दोन दिवसांत त्यांना घाई नव्हती असं मी समजत होतो. माझ्या सोमवारची माझ्याइतकीच धास्ती त्यांनाही होती, हे मला तेव्हा कळलं.

गेल्या महिन्यात नागपूरहून मुलीचा फोन आला. काकू गेल्या. मी जे बोलतात ते बोललो. एक प्रश्न सारखा ओठांवर येत होता, पण विचारायचा धीर होईना. ती नोकरी करणारी मुलगी, आणि काकू गेल्याची वेळ सकाळी अकराची सांगत होती.

मग तीच म्हणाली, "दादा, मी घरीच होते. हात धरून बसले होते."