तुटक्या वायरीच्या खोक्यातून आलेली हाक

आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या घरात तसं कुणीच नव्हतं. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, सुरतेजवळ पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये रंगखात्यात होते. गल्लीतलं कुणी भगताकडे निघालं की म्हणायचे, "अरे, आधी डॉक्टरकडे जा, मग पाहिजे तिथं नाच." इथे लोक आपापले अनुभव लिहितात, ते मी वाचतो. खरं सांगायचं तर त्यातले निम्मे मला थापा वाटतात. माझाही कुणाला तसा वाटला तर तक्रार नाही. माझी तक्रार वेगळीच आहे... ती शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल.

गोष्ट सुरतेची. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतरची दोनेक वर्षं उलटली होती. आम्ही मूळचे खान्देशातले, धुळे जिल्ह्याकडचे. राहायला भेस्तानला, एका ओळीतल्या पत्र्याच्या खोल्यांपैकी एकीत. मागेच लूमचा कारखाना, दिवसरात्र खटखट खटखट. त्या आवाजात घरातल्या घरात बोलायचं तरी ओरडून बोलावं लागायचं. आणि मी शिकायला कुठे? तर शहरात, फादर लोकांच्या मुलांच्या हायस्कूलमध्ये, इंग्लिश मीडियम! आप्पांनी मिलमधल्या एका साहेबाच्या ओळखीने पाचवीत घातलं होतं. त्या शाळेत पोरगा गेला म्हणून आप्पा वर्षभर ताठ मानेने चालत होते.

शाळेचं नाव लिहीत नाही. शाळा चांगली होती हेही नाकारत नाही. मैदानावर हॉकी, लॅबमध्ये खरोखरची उपकरणं, सकाळी असेंब्लीत चारशे-पाचशे पोरांची एका सुरात प्रार्थना. ख्रिश्चन मुलांना कॅटेकिझम, म्हणजे त्यांच्या धर्माचे धडे, आणि आम्हा बाकीच्यांना मॉरल सायन्स. आज जे इंग्रजी बोलून मी पोट भरतो ते तिथलंच. पण नियम एक होता — आवारात फक्त इंग्लिश. दुसरी भाषा बोलताना सापडला की गळ्यात लाकडी पाटी, आणि पुढचा कुणी सापडेपर्यंत ती उतरायची नाही. आता वर्गात तीन-चतुर्थांश पोरं गुजराती. ती सुट्टीत काय इंग्लिश झाडत होती? पण पाटी माझ्या गळ्यात जरा जास्तच यायची. "ए घाटी" हे तर नावच पडलं होतं.

नावावरून आठवलं. शाळेत मी रवींद्र. घरी मात्र दगडू. माझ्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले, म्हणून आजीने ठेवलेलं हे नाव, दगडासारखा टिकावा म्हणून. पण हे नाव शाळेत कुणाला, म्हणजे कुणालाच माहीत नव्हतं. माझा बाकावरचा दोस्त निमेश, त्यालाही नाही. कोण सांगेल हो असल्या शाळेत, की मला घरी दगडू म्हणतात?

प्रत्येक वर्गात फळ्याच्या वर एक लाकडी खोकं होतं, स्पीकरचं. ऑफिसमध्ये माइक, तिथून फादर प्रिन्सिपल सूचना द्यायचे. आमच्या नववीच्या वर्गातलं खोकं मात्र मुकं. त्याची वायर तुटून भिंतीवर, व्हेंटिलेटरच्या झरोक्याशेजारी, नुसती लोंबत होती, आणि वर कबुतरांनी काड्या आणून टाकल्या होत्या. सगळ्या शाळेला ऐकू जायचं, आम्हाला नाही. आमच्याकडे सूचना घेऊन शेजारच्या वर्गाचा मॉनिटर यायचा. हे सगळ्यांना माहीत होतं.

तो दिवस थंडीतला. मधल्या सुट्टीनंतरचा तास, भूगोल. मॅकवान सर फळ्यावर नकाशा काढत होते. आणि खोकं खरखरलं.

सरांनी खडू थांबवला आणि वर पाहिलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मग आतून आवाज आला, अगदी स्पष्ट —

"दगडू, घर चाल. माय एकली शे."

एवढंच. पुन्हा एक खरखर आणि शांतता.

आणि मग सगळा वर्ग फुटला! हसून हसून पोरं बाकांवर आपटायला लागली. "एकली शे! एकली शे!" आमच्या घरची अहिराणी आणि गुजराती तशा जवळच्या. निमेशने मला कोपर मारलं, "अल्या, आ दगडू कोण छे?"

मी उठून उभा राहिलो. मायचा, म्हणजे माझ्या आईचा, सातवा महिना चालू होता. सकाळी निघताना ती डोकं धरून बसली होती, पाय सुजले होते. आप्पा दिवसपाळीला. घरात ती खरोखर एकटी होती.

"सर," मी म्हटलं, "मला घरी जायचंय. ते मला बोलावतायत. दगडू मीच."

पुन्हा हशा. मॅकवान सर मात्र हसले नाहीत. ते लोंबणाऱ्या वायरीकडे बघत होते. वाईट माणूस नव्हता तो, पण घाबरट. स्वतः 'जा' म्हणायची हिंमत झाली नाही. मला घेऊन ऑफिसात गेले.

आता माझ्या संतापाचं मूळ इथे आहे. फादर प्रिन्सिपल दक्षिणेकडचे, उंच, पांढरा झगा. सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "कुणी केलं हे?"

"माहीत नाही, फादर. पण माझी आई..."

"व्हेंटिलेटरच्या मागे कोण उभं होतं? तुझा साथीदार कोण?"

"फादर, आईची तब्येत बरी नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे, तिथे फोन आहे. नंबर मला पाठ आहे. एकदा लावून विचारा ना..."

"म्हणजे घरी पळायला हे नाटक. आणि ते पण तुमच्या त्या भाषेत! बाहेर उभा राहा. नाव आठवेपर्यंत. हललास तर शाळेतून काढीन."

टेबलावर त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर फोन होता. वीतभर!

मी ऑफिसबाहेर भिंतीला लागून उभा राहिलो. समोर मेरीमातेची मूर्ती आणि तिच्यापुढे गुडघे टेकलेला देवदूत. गॅब्रिएलची गोष्ट आम्ही दर नाताळाला नाटकात बघायचो. देवदूत येतो, दुसऱ्या कुणाला दिसत नाही, एका बाईला होणाऱ्या बाळाबद्दल निरोप देतो. त्याला कुणी विचारलं नाही, तुझा साथीदार कोण? तो इंग्लिशमध्ये बोलला की नाही हेही कुणी विचारलं नाही. आणि आमच्या घरचा निरोप अहिराणीत आला, तर तो चावटपणा! मी चौदा वर्षांचा होतो. एवढं नीट शब्दांत तेव्हा सुचलं नव्हतं, पण त्या मूर्तीकडे बघत माझ्या पोटात जे पेटलं ते हेच होतं.

काही जण मला विचारतात, तू लगेच का नाही पळालास? अरे, त्याच शाळेने मला चार वर्षं शिकवलं होतं ना, की मोठ्यांनी 'उभा राहा' म्हटलं की उभं राहायचं! आणि काढून टाकलं असतं तर आप्पांची मान? दोन तास गेले. दुसरी घंटा झाली तेव्हा मात्र मला उभं राहवेना. दप्तर वर्गात तसंच सोडलं आणि फाटकातून बाहेर पळत सुटलो.

शटल रिक्षाने उधना दरवाजा, तिथून भेस्तानपर्यंत दुसरी. आमचं दार आतून बंद. हाका मारल्या, दार बडवलं. मागच्या लूमच्या खटखटीत माझा आवाज मलाच ऐकू येईना. शेजारी शिंदेमामा राहायचे, मराठवाड्यातले, रात्रपाळी करून झोपलेले. त्यांना उठवलं. त्यांनी एक लाथ घातली आणि कडी निघाली.

माय मोरीजवळ पडली होती. डोळे उघडे, पण बघत नव्हती. तोंडातून फेस, जीभ चावलेली, हातपाय झटके देत होते. मामांनी तिला पाठीवर घेतलं... पुढचं मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. रिक्षा, सिव्हिल हॉस्पिटल, माझ्या शाळेच्या टायवर तिचं रक्त.

माय वाचली. बाळ गेलं. मुलगी होती.

डॉक्टरीणबाई आप्पांना म्हणाल्या, "प्रेशर वाढून फिट आल्यात. एकावर एक. थोडं आधी आणलं असतं..." आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी तिथे, वॉर्डच्या बाहेर, सगळं सांगितलं. खोकं, आवाज, फादर, भिंत. मला वाटलं, 'भुतं-बितं काय बडबडतोस' म्हणून एक ठेवून देतील. त्यांनी फक्त विचारलं, "आजून कोन कोन ऐकं?"

"पुऱ्या वर्गानी, आप्पा."

चार-पाच दिवसांनी निमेश दप्तर घेऊन घरी आला आणि त्याच्याकडून कळलं की मला सस्पेंड केलंय, परवानगीशिवाय शाळा सोडली म्हणून. दुसऱ्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर शाळेत आले. मिलमधून तसेच, हाताच्या नखांत निळा रंग.

फादर म्हणाले, "झालं त्याचं वाईट वाटतं. पण शिस्त ती शिस्त. मुलाने गंमत केल्याचं कबूल करावं, माफी मागावी. उद्यापासून वर्गात बसू दे."

आप्पांची हिंदी खान्देशी. ते म्हणाले, "गंमत? फादर, हमारी बच्ची गयी. ये लडका बोलता था घर को फोन करो. आपने क्यों नहीं किया?"

फादरांनी पुन्हा माफीचंच काढलं.

"माफी बाद में. पहले एक लडके को बुलाव. किसी को भी. उसको पूछो क्या सुना."

निमेशला बोलावलं. आणि मग त्याने, त्या गुजराती पोराने, हात मागे बांधून कविता म्हणावी तसं म्हटलं, "दगडू, घर चाल. माय एकली शे." त्याला बहुतेक तेव्हाच पहिल्यांदा कळलं की वर्ग कशावर हसला होता. रडायलाच लागला.

"मीसुद्धा ऐकलं, फादर," दाराशी उभे असलेले मॅकवान सर हळूच म्हणाले. "खोक्यातूनच आलं. व्हेंटिलेटरमधून नाही."

फादर उठले आणि थेट आमच्या वर्गात गेले. आम्ही सगळे मागे. पोरं उभी राहिली. फादरांनी ती लोंबणारी वायर हातात घेतली, टोक उलटसुलट करून पाहिलं. तांब्याच्या तारा हिरव्या पडलेल्या होत्या. मला वाटलं आता बोलतील. माझ्याकडे वळतील, निदान आप्पांकडे तरी.

ते म्हणाले, "फार घाण केलीय कबुतरांनी. हे काढून टाका."

बस्स! सस्पेन्शन रद्द झालं, माफीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. खोकं उतरवलं, भिंतीवर त्या जागी चुना मारला. आप्पांनी मला त्याच शाळेत ठेवलं. म्हणाले, "तू काय बी करेल नही, मंग तू काब्र जाशी?" म्हणजे, मी का म्हणून जायचं. दहावी मी तिथूनच झालो.

स्पष्टीकरणं खूप ऐकली. माझा एक इंजिनिअर मित्र म्हणतो, तुटकी वायर कधी कधी अँटेनासारखी काम करते, कुणाचं तरी वायरलेस पकडलं असेल. असेल! पण त्या वायरलेसवर 'दगडू' म्हणणारा कोण? माझी मावशी म्हणते, तुझा पाळण्यात गेलेला भाऊ होता तो. मला तेही पटत नाही. पाळण्यातलं पोर बोलेल कसं? आणि आवाज तरी कुणाचा होता? मला विचाराल तर शब्द लख्ख आठवतात, आवाज आठवत नाही. निमेश शपथेवर सांगतो, पुरुषाचा होता. मॅकवान सरांना म्हातारीचा वाटला होता. एका खोक्यातून, एकाच वेळी!

मध्यंतरी आमच्या बॅचचं गेट-टुगेदर झालं. जेवताना एकाने माझ्या पाठीवर थाप मारली, "रवी, हवे तो, आता तरी बोल यार, ते खोक्याचं कसं केलं होतंस?" सगळे हसले. निमेश हसला नाही. मी ताट ठेवलं आणि निघून आलो.

घरी आलो तेव्हा माय जागीच होती. तिला सांगितलं. चिडून बोलत होतो. म्हटलं, माय, आज इतकी वर्षं झाली, अजून मला कळत नाही ती हाक कुणी मारली.

ती गुडघे चोळत म्हणाली, "कोनी का मारेना. तू उना ना."

मी आलो, तिचं तेवढ्यावर भागतं. माझं भागत नाही.