देवीनं दिलेली चाल

आमच्या मावशीला देवीनं एक गाणं दिलंय. हे मी म्हणत नाही, आमचं सगळं गाव म्हणतं. आणि आमच्या गावाचं एका गोष्टीवर एकमत होणं म्हणजे काय, ते गावात राहिलेल्या माणसाला सांगायला नको.

मावशी आराधीण आहे, तुळजापूरच्या आईची. गळ्यात कवड्यांची माळ, मंगळवारी हातात परडी, आणि संध्याकाळी तिच्या ओसरीवर बायांचा मेळा. एक तुणतुणं, दोन-तीन झांजा, बाकी सगळे गळेच. वय ऐंशीच्या पुढं गेलं, गुडघे गेले, पण आवाज अजून गल्लीच्या तोंडाला ऐकू येतो. माझ्या आईची ही थोरली बहीण. तिनंच मला आपल्या भावकीत सून करून आणलं, म्हणून लग्नाआधी जिला मी अगंतुगं करायची, तिला लग्न झाल्यापासून ‘तुमी’ म्हणते.

गाण्याची गोष्ट मी जन्मायच्या आधीची. मावशीला एकच मूल झालं, मुलगी. पाचेक वर्षांची असेल, तिला मुदतीचा ताप आला. वैद्य झाला, अंगारे झाले, शेवटी सोलापूरच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथंच ती गेली. मावशी परत आली ती मुकी होऊन. कुणाशी बोलेना, ताटावर बसली तर घास हातातच राही. सासरच्यांनी आधी समजावलं, मग कुजबुज सुरू केली. बाई हातची गेली, दुसरी करा, असं तिच्या नवऱ्याला लोक तोंडावर सांगायला लागले. आणि मग एका मंगळवारी पहाटे देव्हाऱ्यापुढं बसल्या बसल्या तिच्या तोंडून चाल निघाली. शब्द नव्हते, नुसती चाल. सासू स्वतः आराधीण होती. ती चुलीपुढनं उठून धावत आली आणि ‘आईनं दिलं गं तुला, आईनं दिलं’ म्हणत तिनं आपल्या गळ्यातली कवड्यांची माळ काढून सुनेच्या गळ्यात घातली. शब्द मावशीला मागाहून सुचले. ‘हात धरून ने गं आई, घाट लई उंच.’

त्या दिवसापासून तिला वेडी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. दुसरी करायची भाषाही मिटली. पुढं मूल काही झालं नाही, पण ज्या बाईला देवीनं गाणं दिलं तिला वांझ कोण म्हणणार? नवरा गेला, दीर वेगळे झाले, तरी ही बाई त्या घरात ताठ मानेनं राहिली, ती त्या एका गाण्यावर.

गाणं ऐकायला मोठं वेगळं आहे. आराध्यांची बाकीची गाणी कशी ठसक्यात, एकामागं एक ओळ ओढत नेतात. हे गाणं ओळ संपली की जरा थांबतं, आणि तिथं मेळ्यातल्या सगळ्या बाया शब्दावाचून ‘ऊ, ऊ, ऊ’ करतात. ते का, कुणी विचारलं नाही. लोहाऱ्याकडच्या मेळ्यानं ते उचललं, लेकीबाळींबरोबर ते पार तेरखेड्यापर्यंत गेलं. जागरणाला लोक फर्माईश करतात, ‘ते ऊऊवालं म्हणा की.’

माझ्या मुलाचं अणदूरला मोबाईलचं दुकान आहे. दोन लेकरांचा बाप झाला, पण हातात फोन आला की त्याचं पोरपण जात नाही. नवरात्राच्या आधी त्यानं मावशीच्या ओसरीवर येऊन मेळ्याचं चित्रण केलं आणि ते इंटरनेटवर टाकलं. बाया खूश. जिच्या तिच्या नातवानं बघितलं, मुंबई-पुण्याला गेलेल्यांनी बघितलं. आणि आठच दिवसांत त्यातला आवाज गेला. चित्र चालू, बायांची तोंडं हलतायत, झांजा हलतायत, मावशी डोळे मिटून मान डोलावतीय, आणि आवाज म्हणून नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

‘आई, कंपनीचा मेसेज आलाय,’ पोरगा म्हणाला. ‘या गाण्याची चाल त्यांच्या मालकीची हाय म्हणं.’

‘कुठली कंपनी?’

‘विलायतेची.’

‘मग त्यांना म्हणावं, तुळजापूरला या अन् आईला इचारा चाल कुणाची हाय ते.’

मी लई तापले होते. पोरगाही तापला होता. भांडायचं म्हणून त्यानं ते दुसरं गाणं कुठलं ते शोधून काढलं, आणि दुकानात बसून आम्ही दोघांनी ऐकलं.

काय सांगू? एक तरणा पोरगा इंग्रजीत गात होता. गिटार होती, मागं ढोलाचा बारीक ठेका होता, तुणतुण्याच्या जागी आणखी काहीतरी होतं. पण चाल तीच. चढ तोच, उतार तोच. ओळ संपली की तो थांबायचा, आणि मागनं चार पोरी गोड आवाजात ‘ऊ, ऊ, ऊ’ करायच्या. ते ‘ऊ’ आलं तसा माझ्या पोरानं माझ्याकडं बघितलं आणि फोन उलटा करून ठेवला. भांडण तिथंच संपलं.

गाण्याची माहिती त्यानं वाचून दाखवली. साठ वर्षांच्या वरची गोष्ट. तिकडं विलायतेत दर आठवड्याला ठरायचं म्हणे, कुठल्या गाण्याच्या तबकड्या जास्त खपल्या, आणि हे गाणं कितीतरी आठवडे सगळ्यांच्या वर होतं. केस फुगवलेली, गिटार गळ्यात अडकवलेली पोरं तेव्हा नुकतीच तिकडं गाजायला लागली होती, आणि तिथली म्हातारी माणसं त्यांच्या नावानं बोटं मोडत होती. शब्दांत काही नाही. पोरगा पोरीला म्हणतोय, मला सोडून जाऊ नको.

मी म्हटलं, हे मावशीच्या कानावर जाता कामा नये. पोरगाही हो म्हणाला. पण दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांची काय, उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालणारी बाईच माझ्या दारात म्हणाली, ‘व्हय ओ काकू, आराधीणबाईचं गाणं इंग्रजाचं निघालं म्हणं?’

‘तुझ्या म्हशीचं दूध तरी तुझ्या म्हशीचंच हाय का?’ मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं. पण दार लावून काय होतंय? मंगळवार होता. संध्याकाळी मेळा बसणार, एखादी भवानी बायांच्या देखत विषय काढणार, आणि माझी मावशी सगळ्यांसमोर उघडी पडणार. आयुष्यभर जिनं ‘आईनं दिलं’ म्हणून सांगितलं तिला लोक खोटारडी म्हणणार. तोंडावर नाही म्हणणार, ते तर त्याहून वाईट. ऐकायचंच असेल तर तिनं माझ्या तोंडून ऐकावं, असं मी ठरवलं. पोराचा फोन मागून घेतला.

मावशी ओसरीवर तुरीची डाळ निवडत बसली होती. मी समोर बसले, मीही सुपातले चार खडे निवडले, आणि सांगून टाकलं. आडवळण घेतलं नाही, मला ते जमतही नाही. मावशीचे हात थांबले.

‘माझं गाणं?’

‘व्हय.’

‘लाव बघू.’

मी लावलं. फोन तिनं हातात घेऊन कानाशी धरला. मी तिच्या तोंडाकडं बघत होते. वाटलं, आता चिडेल, फोन फेकून देईल, नाहीतर म्हणेल, देवीचं गाणं त्यांनीच चोरलं. मी तेही मान्य करणार होते. गाणं संपलं. ‘परत लाव,’ ती म्हणाली. परत लावलं. तिसऱ्यांदाही लावलं.

‘कोण म्हणतंय हे?’

‘विलायतेतला एक पोरगा. तवा पोरगा होता, आता म्हातारा झाला असंल, नाहीतर गेलाही असंल. त्यांच्यात हे गाणं तवा सगळ्यांत वर होतं.’

‘वर म्हंजे?’

‘म्हंजे घरोघर हेच.’

‘मग बरोबर हाय,’ मावशी म्हणाली. ‘तिच्याकडं बी हेच लागायचं.’

‘कुणाकडं?’

तिनं सूप बाजूला सारलं. बोलायला लागली ती माझ्याकडं बघून नाही, समोरच्या भिंतीकडं बघून.

सोलापूरच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. काळीसावळी, मद्रासकडची, हिला तिचं बोलणं कळायचं नाही. खाटांच्या खोलीला लागूनच तिची बसायची खोली, तिथं खिडकीत रेडिओ. दिवे लागले की ती इंग्रजी गाणी लावायची. पोर तापानं निपचित पडलेली असायची, पण हे गाणं लागलं की डोळे उघडायची. ते सिस्टरच्या ध्यानात आलं. मग हे गाणं लागलं की ती रेडिओचा आवाज वाढवायची आणि दारातून पोरीकडं बघून हसायची.

‘दिवस बुडाला की इचारायची, आई, लागंल का गं आता? आन् न्हाई लागलं एखाद्या दिशी, की माझ्या मागं लागायची. तू म्हण. आई, तू म्हण की गं.’

‘मग?’ मी विचारलं.

‘मी कशी म्हणू? धा खाटा, गडीमाणसं बसलेली, तुझे काका बसलेले. तवा नवऱ्यादेखत सून नाकानं सुद्धा गुणगुणायची न्हाई. मी म्हणलं, गप निज, मानसं हसतील. ती निजायची. गुणाची होती लई.’

मी तिच्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला.

‘शेवटच्या दिशी गाणं लागलं न्हाई. सांजच्याला मला म्हणाली, तू म्हण. मी म्हणलं, उद्या म्हणते बाई, घरी गेल्यावर म्हणते.’ मावशीनं पदर तोंडात धरला, परत सोडला. ‘आन् घरी आल्यावर म्हणलं. देवीम्होरं बसून म्हणलं. सासूबाई म्हणल्या आईनं दिलं, मी म्हणलं व्हय, आईनंच दिलं. कुठनं आलं ते मलाच ठावं न्हवतं गं. देवीची आण. आजपतूर ठावं न्हवतं. रेडिओ इसरले, ती सिस्टर इसरले, पोर मागत होती ते बी इसरले. असं कसं इसरतंय माणूस? एवढं कसं इसरले मी?’

आणि मग ती रडली. मावशीला रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. माझी आई गेली, मावशीचा नवरा गेला, तेव्हाही ती उभी राहून सगळ्यांना पाणी देत होती. त्या दिवशी मात्र ती सुपाशेजारी आडवी झाली आणि लहान पोरासारखी हुंदके देत राहिली. मी तिची पाठ चोळत बसले. मला स्वतःचा राग येत होता, पोराचा येत होता, त्या विलायतेच्या कंपनीचा येत होता, आणि त्या सगळ्या रागाचं काय करावं ते कळत नव्हतं.

मी म्हटलं, ‘आज मेळा राहू द्या. मी बायांना सांगते, तुमाला बरं न्हाई म्हणून.’

‘खोटं कशाला सांगतीस?’ ती म्हणाली. उठली, तोंड धुतलं, कपाळाला मळवट भरला.

दिवेलागणीला बाया आल्या. सगळ्यांना बातमी लागलेली होती, हे त्यांच्या गप्प राहण्यावरूनच कळत होतं. नेहमी चपला काढता काढता चार घरच्या उखाळ्यापाखाळ्या होतात, त्या दिवशी कुणी चकार शब्द काढला नाही. मावशीनं देवीला हळदकुंकू वाहिलं, उदो केला, आणि वळून सरळ सांगितलं, ‘बायांनो, तुमी ऐकलं ते खरं हाय. ती चाल विलायतेची हाय. मी सोलापूरच्या दवाखान्यात ऐकली. देवीनं दिली न्हाई.’

मग तुणतुणंवाली, ती मावशीपेक्षा थोडीच लहान, म्हणाली, ‘असंना का. आमाला तुमीच दिली की. म्हणा.’

‘म्हणते,’ मावशी म्हणाली. ‘पर देवीम्होरं न्हाई म्हणायची आज.’

ती भिंतीला धरून उठली, देव्हाऱ्याकडं पाठ केली आणि दाराकडं तोंड करून बसली. आराधीण अशी कधी बसत नाही. बायांनी एकमेकींकडं पाहिलं, पण सरकून जागा दिली. मावशीनं डोळे मिटले नाहीत. चाल तीच धरली, शब्दही तेच. फक्त जिथं ‘आई’ यायचं, तिथं तिनं दुसरं नाव घेतलं. एका पोरीचं नाव. माझी साठी झाली, मी तिची सख्खी भाची, जन्म तिच्या शेजारी काढला, आणि ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. आमच्या घरात ते कुणीच कधी उच्चारलं नव्हतं.

हात धरून ने गं, म्हणून तिनं ते नाव घेतलं आणि थांबली. बायांनी ‘ऊ, ऊ, ऊ’ केलं, पण दबकत. दुसऱ्यांदा तिनं ते नाव घेतलं तेव्हा आवाज फुटला, पुढचं निघेना. तुणतुणं वाजत राहिलं. मग कोपऱ्यातल्या एकीनं ते नाव उचललं, मग दुसरीनं, आणि बघता बघता सगळ्या बाया त्या पोरीला हाक मारत होत्या, घाट लई उंच, हात धरून ने.