सागवानी पलंग

शेजारच्या दाराला आज लाखेचं पॉलिश चाललंय. स्पिरिटचा तो वास आला आणि मी थेट लक्ष्मीपुरीतल्या माझ्या भाड्याच्या गाळ्यात जाऊन पोचलो. पन्नास वर्षांपूर्वी तिथं मी जुनं फर्निचर घासून, पॉलिश करून विकायचो.

पलंग घेणारा प्रत्येकजण आधी एकच विचारायचा, "ह्याच्यावर कोण गेलं न्हाय न्हवं?" त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी ‘न्हाय’ म्हणून मोकळा व्हायचो. दुसऱ्याच्या घरातलं मरण लपवताना मला कधी काही वाटलं नाही.

त्या दुपारी राधानगरीकडचा एक शेतकरी सागवानी पलंगावर हात फिरवत उभा होता. त्यानंही तेच विचारलं, आणि पहिल्यांदाच माझी जीभ वळेना. तो पलंग आमच्याच घरातला होता.

"माझं वडील गेलं ह्याच्यावर. गेल्या महिन्यात," मी म्हणालो.

त्यानं झटकन हात काढून घेतला. मग हळूच विचारलं, "लई हाल झालं काय, पावणं?"

"न्हाय. झोपंतच गेलं."

त्याचा हात पुन्हा पलंगावर आला. "मग द्या की. आईसाठी पायजे. आता उठत न्हाय ती." त्यानं पैसे मोजायला घेतले.

गिऱ्हाईक सुटलं नाही, एवढंच तेव्हा मला वाटलं. आता मीच अंथरुणाला खिळलोय, आणि माझं ते दुसरं उत्तर डोक्यातून जात नाही. वडील चार महिने तळमळत होते. पलंगाच्या कडेवरचे त्यांच्या नखांचे ओरखडे मीच काचपेपरनं घासून काढले होते.