संत कॅथरीन आणि आमची आडवी बाटली

गावातलं देशी दारूचं दुकान उठवायचं की नाही यासाठी बायकांचं मतदान तोंडावर आलं होतं, आणि मी प्रार्थना करणं सोडून दिलं होतं. नियम असा, की गावातल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीच्या चित्रावर शिक्का मारला तरच दुकान उठतं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू. ऊसतोडीला गेलेली, मतदानाला न आलेली बाईसुद्धा दारूच्याच पारड्यात. दुकान उघडताना कुठल्या बाईला विचारलं होतं? बंद करताना मात्र आम्ही अर्धं गाव गोळा करून दाखवायचं. हा कुठला न्याय?

मी पत्रकं लिहिली, पार मानोऱ्याच्या बाजारापर्यंत वाटली. मथळा माझाच, ठसठशीत: ‘उभ्या बाटलीला हाणा!’ त्यावर दुकानदाराच्या आईने, सुभद्रामावशीने, गावभर सांगितलं की ही पोरगी दारूबंदीच्या आडून बायकांना बाटवायला निघाली आहे. गावात ख्रिस्ती घर आमचं एकटंच. कालपर्यंत चहा पाजणारी दारं माझ्या तोंडावर लागायला लागली.

आमच्या घरात सिएनाच्या संत कॅथरीनची तसबीर आहे. रंगाऱ्याची पोर. लग्नाची बळजबरी झाली तेव्हा तिने आपले केस कापून टाकले. घरच्यांनी शिक्षा म्हणून तिची खोली काढून घेतली, घरभराचं काम अंगावर टाकलं, तर तिने मनातच एक खोली बांधली आणि स्वयंपाक करता करता तिथे देवाशी बोलत राहिली. पुढे हीच बाई पत्रं सांगून लिहवून घ्यायची, आणि रोम सोडून दूर जाऊन बसलेल्या पोपला थेट सुनावायची की तुमची जागा रोममध्ये आहे, तिथे परत या. मला तिचा अभिमान वाटायचा तो या पत्रांसाठी. पत्रकं काढणाऱ्या पोरीला दुसरं काय आवडणार?

तेवढ्यात मायचं मनगट मुरगळलं. माय पूर्वी मिशनच्या दवाखान्यात मलमपट्टी करायची. सुभद्रामावशीच्या छातीवर कॅन्सरची जखम होती, वासामुळे सुनाही जवळ जात नव्हत्या, आणि माय रोज जाऊन ती जखम धुवायची. आता तू जा, म्हणाली. मी उसळले. जी माझी बदनामी करते, तिची घाण मी काढू? तेही प्रचार सोडून? मायने तसबिरीकडे पाहिलं. “मंग हिचा फोटो कायले लावला भितीवर?”

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. कॅथरीनही अशाच एका बाईची जखम धुवायची, आणि तीच बाई तिच्याबद्दल गावात वाईटसाईट बोलायची. कॅथरीनने जाणं सोडलं नाही.

मी गेले. ओढणी नाकाला बांधून जखम धुवायला बसले. मावशी भिंतीकडे तोंड करून पडलेली. रोज सकाळचा प्रचार बुडत होता आणि मी मनातल्या मनात देवाला सुनावत होते, की हरलो तर हे तुझ्यावर. मग एके दिवशी पट्टी बांधून झाल्यावर मावशीने माझा हात धरला.

“पोरी, उभ्या बाटलीले हाणा, असं तूच लिवलं ना? बाया तिच्यावरच शिक्का हाणनार हायेत. माहा पोरगा तुहाच कागद घरोघरी वाचून दाखवून राह्यला.”

खरंच की. जिला मारायचं तिच्यावरच शिक्का मारायचा, असंच आमच्या बायका समजल्या होत्या, आणि ती समजूत माझ्या मथळ्याने घालून दिली होती.

“तुमी मले काहून सांगता?” मी विचारलं.

“माहा धाकला पोरगा मोठ्या भावाच्याच दुकानची पिऊन मेला,” ती म्हणाली, आणि पुन्हा भिंतीकडे वळली.

त्या दिवसापासून एकही पत्रक वाटलं नाही. आम्ही चौघी-पाच जणी रिकामी बाटली घेऊन अंगणाअंगणात गेलो. बाटली उभी करायची, मग हाताने आडवी पाडायची, आणि सांगायचं, अशी पडलेली दिसली की तिच्यावर शिक्का. तांड्यावरच्या एका म्हातारीने हसत विचारलं, “हे आंधी काहून नाही दाखोलं व?” मी बाटली पुन्हा उभी केली आणि तिच्याच हाताने आडवी पाडून घेतली.

मतदानाच्या दिवशी शाळेसमोर ऑटो थांबला. मायच्या खांद्यावर हात टाकून सुभद्रामावशी उतरली. फाटकाबाहेर तिचा मुलगा उभा होता, त्याच्याकडे न पाहता आत गेली. बाहेर आली तेव्हा त्याच्यासमोर थांबून एवढंच म्हणाली, “झोपवून आली रे तिले.”

दुकान उठलं. मावशीने माझी माफी मागितली नाही, मी मागायलाही लावली नसती. ती पौषात गेली. शेवटची पट्टी मी बांधली.

मी याला चमत्कार म्हणत नाही. पण जो वेळ वाया गेला म्हणून मी देवाशी भांडत होते, त्याच वेळात त्याने मला वाचवलं, आणि निरोप पाठवला तो माझ्या वैरिणीच्या तोंडून. मी अजूनही पत्रकं लिहिते, चिडूनच लिहिते. फक्त लिहिण्याआधी कॅथरीनच्या त्या खोलीत थोडा वेळ बसते, आणि काय बोलायचं ते आधी त्याला बोलू देते. माझ्या संतिणीचा, माझ्या मायचा आणि त्या तोंडाळ मावशीचा मला अभिमान आहे. देवाचे आभार, त्याने माझा मथळा हरवला आणि माझं गाव जिंकवलं.