रांगोळीतला शर्ट

आमच्या जूचंद्र गावात दिवाळीची रांगोळी दारापुरती नसते. शाळेच्या वर्गांत प्रदर्शन भरतं, फरशीवर माणसांचे चेहरे काढतात, इतके हुबेहूब की बघणारा वाकून फोटो तर नाही ना याची खात्री करतो. मीही काढतो. पोटापाण्यासाठी मात्र एका विद्यापीठाच्या संग्रहात जुन्या चित्रांच्या स्लाइड्स स्कॅन करतो.

मागच्या पावसाळ्यात मुंबईतल्या एका बंद पडलेल्या चित्रकलेच्या कॉलेजाचा खोका आमच्याकडे आला. छापचित्रं, व्यक्तिचित्रं आणि मॉडेल म्हणून बसवलेल्या माणसांच्या स्लाइड्स. त्यातली एक स्क्रीनवर उघडली, तर समोर माझे वडील. ऐन तारुण्यातले, स्टुलावर बसलेले, अंगावर फक्त लंगोटी, हात गुडघ्यांवर.

शेजारचा सहकारी म्हणाला, "काय तब्येत आहे यार. कोण हा?"

"असेल कोणी मजूर," मी म्हणालो आणि पुढची स्लाइड घेतली.

पावसाळ्यात मिठागरं बंद असली की बाबा मुंबईला 'कॉलेजात कामाला' जायचे, एवढंच घरात माहीत होतं. मी शाळेत ते ऐटीत सांगायचो.

संध्याकाळी मोबाइलवर त्यांना ती स्लाइड दाखवली. वाटलं, ओशाळतील. ते फोन घेऊन दाराशी उजेडात गेले आणि किती तरी वेळ बघत राहिले.

"सापडला तर फोटो," ते म्हणाले. "सर पोरांना सांगायचे, आदी याचे हात काडा. मिठानं फाटलेले हात कुनालाच जमत नव्हते." मग फोन परत देत म्हणाले, "अवंदा रांगोलीत माजाच काड."

मी हो म्हटलं. पण दिवाळी जवळ आली तसा धीर सुटला. बहिणीच्या सासरचे येणार, ऑफिसातले येणार. चार लोकांत बाप लंगोटीवर दाखवायचा? चेहरा मी जीव ओतून काढला. खाली पांढरा, कडक कॉलरचा शर्ट घातला आणि चित्र छातीशीच संपवलं. आपण बापाचा मान राखला असंच तेव्हा वाटत होतं. गाढवपणा, दुसरं काय.

प्रदर्शनात शर्टाच्या चुण्यांचं सगळ्यांनी कौतुक केलं. बाबा शेजारच्या काकांना मुद्दाम घेऊन आले होते. "मिठागरातले हात कसे असायचे ते बग आता," असं त्यांना सांगतच वर्गात शिरले. रांगोळीभोवती बांधलेल्या दोरीपाशी उभे राहून त्यांनी रांगोळी वरून खाली पाहिली.

"शर्ट झ्याक हाय," ते म्हणाले. "कुनाचा रं?"

"तुमचाच, बाबा."

"तवा मला शर्ट नव्हता," ते शांतपणे म्हणाले आणि काकांना घेऊन पुढची रांगोळी बघायला गेले.

जनाची लाज राखायला गेलो होतो. मनाची वाटली ती तिथेच, आणि अजून गेलेली नाही.

गर्दी ओसरल्यावर मी दोरीच्या आत बसलो. शर्ट हलकेच झाडून काढला, त्या जागी उघडे खांदे, छाती भरली. मग हात काढायला रंग मुठीत घेतला. पण खाली जागाच नव्हती. मी आखतानाच चित्राची खालची कड वर्गाच्या भिंतीला भिडवली होती.